मोटार जळण्याआधी वाचा : पाणी पातळीचा कोणता सेन्सर कुठे बसवायचा?



उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, लाइट रात्रीची येते आणि स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. आपण झोपेत असतो आणि मोटार कोरडी फिरत राहते. सबमर्सिबल मोटारीला आजूबाजूचं पाणीच थंड ठेवतं. पाणी संपलं की पंपाचे बुश आणि सील घासतात, मोटार तापते आणि शेवटी वाइंडिंग जळतं. मोटार वर काढणं, वाइंडिंग भरणं, पुन्हा सोडणं हा खर्च तर आहेच. पण ऐन फुगवणीत पाण्याची पाळी चुकली तर ते नुकसान भरून येत नाही.

यावर उपाय म्हणजे पातळी सांगणारा सेन्सर. कारखान्यांच्या टाक्यांवर जे सेन्सर असतात, त्याच तत्त्वावर चालणारे सेन्सर आता शेतीसाठीही मिळतात. पण दुकानात समोर ठेवला म्हणून घेऊ नका. आधी तीन गोष्टी ठरवा : पाणी कशात आहे? पाण्यात काय मिसळलंय? फक्त मोटार बंद करायची आहे, की पाणी किती शिल्लक आहे तेही बघायचं आहे?

*१) फ्लोट स्विच : टाकी आणि हौदासाठी*
सगळ्यात साधा आणि स्वस्त. तरंगणारा प्लास्टिकचा डबा पाण्याबरोबर वर-खाली होतो आणि आतला स्विच चालू-बंद करतो. सिमेंटचा हौद, घरची टाकी, खताची टाकी यांना हा पुरेसा आहे. बोअरमध्ये वापरू नका, पाइपला अडकतो. जीवामृत किंवा स्लरीच्या टाकीत त्याला गाळ चिकटतो आणि तो जड होतो, म्हणून तिथे वरचेवर धुवावा लागतो.

*२) प्रोब : विहीर आणि बोअरसाठी*
पाण्यातून वीज वाहते, एवढ्यावरच हा चालतो. तीन प्रोब सोडतात. सगळ्यात खालचा कॉमन, मधला मोटार बंद करणारा, वरचा पुन्हा चालू करणारा. मधला प्रोब पंपाच्या वर असा ठेवा की मोटार बंद होताना पंप पूर्ण बुडालेला असेल. मधल्या आणि वरच्या प्रोबमध्ये चांगलं अंतर ठेवा. नाहीतर थोडं पाणी झिरपलं की मोटार चालू, लगेच बंद, परत चालू, असा खेळ रात्रभर चालतो आणि त्यानेही मोटार जाते.
क्षारयुक्त पाण्यात प्रोबवर पांढरा थर बसतो, तो अधूनमधून घासून काढा. प्रोबला नेहमी लेव्हल कंट्रोलरमधून येणारा कमी व्होल्टेजचाच करंट द्यायचा. लाइनचा थेट करंट पाण्यात सोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

बोअरमध्ये प्रोब सोडायला जागाच नसेल तर ड्राय रन रिले लावा. पंप कोरडा पडला की मोटारीवरचा लोड कमी होतो आणि अँपिअर उतरतात. ते बघून रिले मोटार बंद करतो. त्याचं सेटिंग पंप भरपूर पाणी ओढत असताना अँपिअर मोजूनच करून घ्या.

*३) प्रेशर सेन्सर : शेततळ्यासाठी*
हा पाण्यात बुडवून ठेवतात. वर जितकं पाणी, तितका दाब. १० मीटर पाण्याचा दाब साधारण १ बार. यातून पाणी नेमकं किती मीटर आहे ते कळतं. तळं ३ मीटर खोल असेल तर ५ मीटर रेंजचा सेन्सर घ्या. अचूकता ०.५ टक्के लिहिलेली असेल तर ५ मीटरच्या सेन्सरमध्ये फरक अडीच सेंटीमीटरचा पडतो, २० मीटरच्या सेन्सरमध्ये तोच १० सेंटीमीटरचा होतो.
सेन्सर प्लास्टिक कागदावर टेकवू नका, गाळाच्या वर लटकता ठेवा. त्याच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असते. तिचं वरचं टोक कोरडं राहील असं बॉक्समध्ये ठेवा. त्यात ओल गेली की आकडे चुकतात.

*आकडा वाचताना फसू नका.* शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात. वर ३० × ३० मीटर, तळाशी २१ × २१ मीटर आणि ३ मीटर खोल तळ्यात सुमारे १९.७ लाख लिटर पाणी मावतं. पातळी दीड मीटरवर आली की आपल्याला वाटतं अर्धं उरलं. प्रत्यक्षात सुमारे ८.१ लाख लिटर, म्हणजे ४१ टक्केच असतं. पाण्याच्या पाळ्या या हिशोबाने ठरवा.

*४) अल्ट्रासोनिक : पाण्याला न टेकणारा*
टाकीच्या वर बसतो, आवाजाची लहर सोडतो आणि ती परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजतो. खताची किंवा गढूळ पाण्याची टाकी असेल तर चांगला, कारण त्याला काही चिकटत नाही. पण फेस असेल तर चुकतो. अगदी जवळचं अंतर त्याला मोजता येत नाही, म्हणून कंपनीने सांगितलेलं अंतर पाण्याच्या वर मोकळं सोडा. ड्रिप धुण्याच्या ॲसिडच्या टाकीवर साधा सेन्सर चालत नाही, वाफेने खराब होतो. रडारचा सेन्सर फेस आणि वाफेत जास्त भरवशाचा असतो, पण महाग पडतो. आपल्या हौदाला त्याची गरज नाही.

*बसवताना हे विसरू नका*
✅ थ्री फेज मोटारीचा करंट फ्लोटमधून नेऊ नका. स्टार्टरच्या कॉइलला ४१५ व्होल्ट असू शकतात आणि बऱ्याच फ्लोटची क्षमता २५० व्होल्टपर्यंतच असते. मध्ये रिले किंवा कंट्रोलर हवाच.
✅ जोडणी वायरमनकडूनच, मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून.
✅ वायर लांबून आणली असेल तर अर्थिंग नीट करा. वळवाच्या विजांनी सेन्सर आधी जातो.
✅ महिन्यातून एकदा, पाणी भरपूर असताना मोटार चालू करा आणि फ्लोट किंवा प्रोबची इन्सुलेटेड वायर वर ओढा. मोटार तुमच्या डोळ्यांसमोर बंद झाली पाहिजे. नाही झाली, तर ऑटो काढून ठेवा आणि आधी दुरुस्ती करा.

कोणता सेन्सर घ्यावा हे कळत नसेल तर विहीर / बोअर / तळ्याची खोली, मोटारीची एचपी आणि पाणी कसं आहे (गोडं, क्षाराचं, गढूळ) एवढं याच नंबरवर लिहून पाठवा.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी