गर्भवतीच्या ताटातील चिमूटभर मीठ

गर्भवतीला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आठवणीने दिल्या जातात. आयोडिन मात्र मिठावर सोपवले जाते. प्रौढ व्यक्तीला दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडिन पुरते. गर्भवतीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २५० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आहे.

पहिले सुमारे तीन महिने गर्भाची थायरॉइड ग्रंथी स्वतः संप्रेरक तयार करीत नाही. त्या काळात त्याच्या मेंदूची जडणघडण आईच्या संप्रेरकावरच अवलंबून असते. आयोडिनची तीव्र कमतरता राहिल्यास गर्भपात, मृतजन्म, बाळाला मतिमंदत्व वा बहिरेपण असे धोके संभवतात आणि मेंदूची ही हानी पुढे भरून निघत नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांग्रा खोऱ्यात आयोडिनयुक्त मिठाने गलगंड घटतो हे दाखवून दिले. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

ग्राहकाच्या हाती येणाऱ्या मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडिन असावे, असा नियम आहे. म्हणजे पाच ग्रॅम मिठातून जेमतेम ७५ मायक्रोग्रॅम! त्यातच पायांवर सूज आली की घरातील वडीलधारी मंडळी मीठ तोडायला सांगतात किंवा उपवासाचे सैंधव रोज वापरू लागतात. सैंधवात आयोडिन नगण्य असते. दूध, अंडी, समुद्री मासळी यांतून काही भरपाई होते. मिठाची बरणी झाकलेली आणि शेगडीपासून दूर असावी. मीठ शेवटी घालावे. थायरॉइडचा विकार असल्यास आयोडिनची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.