मनाच्या उपचारांचा हिशेब

दाढ दुखू लागली तर कोणाकडे जावे, हे बहुतेक घरांना ठाऊक असते. गुडघ्यांसाठी कोणाला दाखवावे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कोठे करावी, याविषयी शेजारी आणि नातलग आपण होऊन सल्ला देतात. परंतु घरातील एखादी व्यक्ती महिनोन् महिने नीट झोपत नसेल, कारणावाचून रडत असेल किंवा माणसांत मिसळणे टाळत असेल, तर तोच प्रश्न मोठ्याने विचारला जात नाही. कोणी विचारलाच, तर पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो : हे किती दिवस चालणार, आणि आपल्याला परवडणार का?

या संकोचाची किंमत मोठी आहे. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले, की नैराश्य, चिंताविकार यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या मनोविकारांच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जी कुटुंबे उपचार घेत होती, त्यांचा महिन्याला साधारण एक हजार ते दीड हजार रुपये खर्च प्रामुख्याने उपचार आणि प्रवासावर होत होता. त्यामुळे योग्य व्यक्ती शोधणे आणि खर्चाची तजवीज करणे, या दोन्हींचा विचार कुटुंबाने एकत्रच करावयास हवा.

कोण काय करते?

मनोविकारतज्ज्ञ, म्हणजेच सायकियाट्रिस्ट, हे एम.बी.बी.एस. झाल्यानंतर या विषयातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. निदान करणे व औषधे लिहून देणे हे त्यांचे काम. त्यांची नोंदणी राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे असते.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधे देत नाहीत. मानसशास्त्रीय चाचण्या करणे आणि संवादाच्या माध्यमातून पद्धतशीर उपचार करणे, हे त्यांचे क्षेत्र. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे ‘आरसीआय’कडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

समुपदेशकांच्या बाबतीत मात्र अधिक चौकशी करावी. मानसशास्त्रात एम.ए. करून, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे काम केलेले उत्तम समुपदेशक आहेत. तसेच चार दिवसांच्या कार्यशाळेनंतर दारावर पाटी लावणारेही आहेत. पाटीवरील शब्दापेक्षा शिक्षण कोठे झाले, किती वर्षे काम केले आणि कोणत्या प्रकारच्या अडचणींवर केले, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

प्रथम कोणाकडे जावे? भास होणे, टोकाचा संशय, झोप व भूक पूर्णपणे बिघडणे, बाळंतपणानंतरची तीव्र उदासी किंवा जीव द्यावासा वाटणे, अशा वेळी आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. वियोगाचे दुःख, दांपत्यातील ताण, परीक्षेची धास्ती अशा बाबतीत सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशकापासून आरंभ करता येतो. थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही उदासी व थकवा येऊ शकतो. म्हणून नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांशी बोलणे हे पहिले पाऊल ठरू शकते. जवळचे विश्वासू मनोविकारतज्ज्ञ कोण, हेही त्यांना बहुधा ठाऊक असते.

जवळ कोठे शोधावे?

शासकीय सेवा केवळ ‘वेड्यांसाठी’ असते, हा समज अनेकांना उपचारांपासून दूर ठेवतो. वस्तुतः जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग चालतो. शासकीय व महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांतही, उदाहरणार्थ मुंबईतील केईएम, शीव व नायर किंवा पुण्यातील ससून येथे, हा विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांतही रुग्णाला दाखल न करता, केसपेपर काढून तपासणी करून घेता येते. येथे खर्च अत्यल्प असतो. गर्दी असते, थांबावे लागते, आणि प्रत्येक वेळी तासभर बोलणे शक्य होईलच असे नाही. तरीही निदान व औषधांसाठी शासकीय रुग्णालय आणि संवादोपचारासाठी बाहेरचे सायकॉलॉजिस्ट, अशी विभागणी केल्यास खर्च आवाक्यात राहू शकतो.

काही स्वयंसेवी संस्था आणि मानसशास्त्राचे शिक्षण देणारे विद्यापीठ विभाग कमी शुल्कात सेवा देतात. ठाण्याची ‘आयपीएच’ ही मराठी वाचकांना परिचित असलेली संस्था १९९० पासून या क्षेत्रात आहे. प्रशिक्षणार्थी सायकॉलॉजिस्टकडे जाण्यास अनेकजण कचरतात. परंतु त्यांच्या कामावर ज्येष्ठांची देखरेख असेल, तर तो चांगला पर्याय आहे.

गावात कोणीच नसेल, तर केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा उपयोगी पडते. १४४१६ हा तिचा क्रमांक. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य असून चोवीस तास उपलब्ध असते व मराठीतूनही बोलता येते. व्हिडिओ कॉलवर उपचार घ्यावयाचे असल्यास घरात खासगीपणे बोलण्यास जागा आहे का, याचा आधी विचार करावा. दोन खोल्यांच्या घरात सासू-सासऱ्यांसमोर सुनेने मन मोकळे करणे अवघड असते.

एका भेटीचा नव्हे, पूर्ण उपचाराचा हिशेब

संवादोपचाराचे एक सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचे असते आणि आरंभी ते बहुधा आठवड्यातून एकदा होते. चिंता व नैराश्यावरील कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीसारख्या उपचाराला अनेकदा ६ ते २० सत्रे लागतात. समजा, एका सत्राचे शुल्क १००० रुपये आहे आणि १० सत्रे अपेक्षित आहेत. म्हणजे खर्च १०,००० रुपये, त्याशिवाय जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी. हा आकडा आधी कागदावर मांडला नाही, तर तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर पैसे संपतात, उपचार सुटतो आणि ‘एवढे करून उपयोग झाला नाही’ ही निराशा मात्र मागे उरते.

म्हणून पहिल्याच दूरध्वनीत पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात :

- एका सत्राचे शुल्क किती, आणि सत्र किती वेळाचे?
- अशा अडचणीसाठी साधारण किती सत्रे लागतात?
- ऐनवेळी जाणे रद्द झाल्यास शुल्क आकारले जाते का?
- उत्पन्नानुसार शुल्कात सवलत मिळते का?

शेवटचा प्रश्न विचारताना अनेकांची जीभ अडखळते. “मला नियमित यायचे आहे, पण महिन्याला अमुक रकमेपेक्षा अधिक खर्च करणे शक्य नाही,” असे सरळ सांगावे. काही तज्ज्ञ शुल्क कमी करतात, काही पंधरा दिवसांतून एकदा येण्यास सांगून मधल्या काळात घरी करावयाचा अभ्यास देतात, काही परवडणाऱ्या संस्थेचे नाव सुचवतात. अनेक महिन्यांचे पैसे एकरकमी मागणाऱ्यांपासून मात्र सावध राहावे. औषधे महाग वाटत असल्यास ती परस्पर बंद करू नयेत. काही औषधे एकाएकी थांबवल्याने त्रास उफाळतो. स्वस्त जेनेरिक पर्याय आहे का, हे डॉक्टरांनाच विचारावे. जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी.

विम्याचे काय? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विम्याची तरतूद करणे बंधनकारक आहे. तथापि, बऱ्याचशा पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतात. संवादोपचार हा बाह्यरुग्ण सेवेत मोडतो. आपल्या पॉलिसीत ‘ओपीडी’ खर्चाची तरतूद आहे का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. याच कायद्याने दारिद्र्यरेषेखालील मानसिक रुग्णांना शासकीय सेवा विनामूल्य मिळण्याचा हक्क दिला असून त्यासाठी रेशनकार्डाचा रंग आडवा येऊ शकत नाही. नोकरीच्या ठिकाणी किंवा महाविद्यालयात मोफत समुपदेशनाची सोय आहे का, हेही पाहावे.

पैसे देणाऱ्याचा हक्क किती?

कुटुंबात सर्वांत नाजूक प्रश्न येथे निर्माण होतो. वडील शुल्क भरतात, म्हणून सज्ञान मुलीने आत काय सांगितले हे त्यांना कळलेच पाहिजे, असे नाही. उपचारांविषयीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क कायद्याने रुग्णाला दिला आहे. जिवाला धोका असेल तेव्हा तज्ज्ञ कुटुंबाला विश्वासात घेतात; एरवी “आज काय बोललीस?” हा प्रश्न घरी न विचारणे, ही कुटुंबाची मोठी मदत ठरते. त्याऐवजी “पुढच्या वेळी सोबत येऊ का?” असे विचारावे.

ज्या गृहिणीच्या हाती स्वतःचा पैसा नाही, तिची अडचण आणखी वेगळी. मुलांची शिकवणी, वृद्धांची औषधे, घराचा हप्ता यांतून स्वतःसाठी काही मागणे तिला चैन वाटते. अशा घरांत हा खर्च तिने मागेपर्यंत थांबू नये. महिन्याच्या खर्चात रक्तदाबाच्या गोळ्यांप्रमाणेच तो स्वतंत्र मांडावा, म्हणजे दर आठवड्याला हात पसरावा लागत नाही.

उपयोग होतो आहे का?

तीन-चार सत्रांनंतर स्वतःला विचारावे : माझे म्हणणे ऐकले जाते का? उपचाराचे उद्दिष्ट दोघांनी मिळून ठरवले आहे का? झोप, काम, नातेसंबंध यांत थोडा तरी फरक जाणवतो का? उत्तर नकारार्थी असेल, तर ते तज्ज्ञांशीच मोकळेपणाने बोलावे आणि आवश्यक वाटल्यास तज्ज्ञ बदलावा. बरे करण्याची हमी देणारे, दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणारे किंवा डॉक्टरांची औषधे बंद करावयास लावणारे यांच्याकडे पुन्हा जाऊ नये.

घरातील कोणी जीव देण्याविषयी बोलत असेल, तर शोध आणि हिशेब दोन्ही बाजूला ठेवावे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधांचा साठा दूर करावा, १४४१६ वर बोलावे आणि जवळच्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. इतर सर्वांनी या आठवड्यात एवढेच करावे : फॅमिली डॉक्टरांना एक नाव विचारावे, तेथे दूरध्वनी करावा आणि मिळालेला आकडा घरच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावा.