जुनी बुलेट, यझदी सुरू होत नाही? दोष कार्बोरेटरचा, पेट्रोलचा की पॉइंटचा?

खंडेनवमी-दसरा जवळ आला, की कोल्हापुरात वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर निघतात. आजोबांची बुलेट, वडिलांची यझदी, एकेकाळी दुधाचे कॅन वाहिलेली राजदूत. गाडी धुतली जाते, हार घातला जातो, पूजा होते. मग किक मारली की गाडी सुरूच होत नाही. झालीच तर चोक काढताच बंद पडते. ‘कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका’ असा सल्ला लगेच मिळतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कार्बोरेटर निकामी झालेला नसतो. तो तुंबलेला असतो किंवा दोष भलतीकडेच असतो. त्यात आता पंपावर मिळणारे पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. मग दोष शोधायचा कसा?

कार्बोरेटर करतो काय?

इंजिन हवा आत ओढते. ही हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते तेव्हा तिथला दाब कमी होतो. त्यामुळे तळाच्या वाटीतले पेट्रोल बारीक छिद्रांतून वर खेचले जाते आणि हवेत मिसळते. या छिद्रांना जेट म्हणतात. वाटीतली पेट्रोलची पातळी फ्लोट आणि त्याची पिन सांभाळतात. साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल (वजनाने) हे प्रमाण आदर्श मानले जाते. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण ‘लीन’, जास्त झाले तर ‘रिच’.

यात संगणक नाही, सेन्सर नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आले आणि नव्या मोटारसायकलींवर फ्युएल इंजेक्शन आले. त्याआधीच्या बहुतेक गाड्या मात्र आजही कार्बोरेटरवरच चालतात. १९५५ पासून चेन्नईत तयार होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ पर्यंत बाहेर पडलेल्या जावा-यझदी, १९८५ ते १९९६ या काळातली आरएक्स १००, या सगळ्यांचे तंत्र मुळात एकच.

कार्बोरेटर उघडण्याआधी काय तपासायचे?

१. ठिणगी : प्लग काढून त्याला टोपी लावा, प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा आणि किक मारा. प्लगच्या छिद्रापासून तो लांब धरा आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करा. ठिणगी निळसर, जोरकस हवी. पिवळट, मरगळलेली असेल तर आधी पॉइंट साफ करा. जुन्या बुलेटमध्ये पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असते. मिसिंग मारणे, सायलेन्सरमधून फटाके फुटणे या तक्रारी कार्बोरेटरच्या वाटतात. पण अनेकदा मूळ पॉइंट किंवा कंडेन्सरमध्ये असते.

२. पेट्रोल येते का? : कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक चालू करा. सलग धार आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर कॉकची जाळी तुंबली आहे.

३. टाकीचे झाकण : गाडी चार-पाच किलोमीटर नीट चालते, मग बंद पडते, थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होते. अशा वेळी झाकण उघडून पाहा. हवा आत ओढल्याचा ‘स्स’ आवाज आला, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. टाचणीने साफ केले की काम झाले, खर्च शून्य.

४. एअर फिल्टर : मळलेल्या फिल्टरमुळे मिश्रण रिच होते, गाडी पिकअप घेत नाही आणि काळा धूर सोडते.

किती रेसला त्रास होतो?

हे चारही ठीक असेल, तरच कार्बोरेटरकडे वळा. निदानाची किल्ली अॅक्सिलरेटरच्या मुठीत आहे. मूठ किती पिळल्यावर त्रास होतो, यावरून भाग ओळखता येतो.

- मूठ सोडलेली ते पाव : स्लो जेट आणि हवेचा स्क्रू. गाडी जागेवर उभी राहत नाही, चोक लावला की चालते, काढला की मरते. याचा अर्थ बहुधा स्लो जेट तुंबला आहे.
- पाव ते पाऊण : थ्रॉटलची सुई आणि ती ज्या नळीत हलते ती नळी. जुन्या गाडीत दोन्ही झिजतात आणि पेट्रोल जास्त जाऊ लागते. सुईची क्लिप एक खाच वर सरकवली की सुई खाली बसते आणि मिश्रण लीन होते. क्लिप खाली नेली की रिच.
- पाऊण ते पूर्ण : मेन जेट. हायवेला पूर्ण मूठ पिळल्यावर गाडी दम टाकत असेल, तर जेट तुंबला आहे किंवा नंबर चुकीचा आहे.

चोक ही चाचणीही आहे. चोक लावल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण लीन, आणखी गुदमरली तर रिच. प्लगही साक्ष देतो : फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी असेल तर रिच, पांढराफटक असेल तर लीन.

मूठ सोडूनही रेस कमी होत नसेल, तर केबल अडकली आहे का ते आधी पाहा. तसे नसेल तर गाडी ‘एअर घेते’ आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांमधल्या जोडावर साबणाचे पाणी सोडा. इंजिनाचा आवाज बदलला तर गॅसकेट किंवा रबर फुटले आहे. नट जास्त आवळल्याने कार्बोरेटरची पट्टी वाकणे हे जुन्या गाड्यांचे नेहमीचे दुखणे. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती पट्टी सपाट करता येते.

पेट्रोल ओव्हरफ्लो होत असेल तर?

याकडे दुर्लक्ष करू नका. गरम इंजिनावर पडणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण. आधी कॉक बंद करा. कारणे तीनच असतात : फ्लोटच्या पिनखाली कचरा, पिन झिजलेली किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलेले. पितळी फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटला आहे. गाडी उभी करताना कॉक बंद करण्याची सवय ही सर्वात स्वस्त सुरक्षा आहे.

साफ करताना काय टाळावे?

जेटमध्ये स्टीलची तार कधीही घालू नका. छिद्र किंचित मोठे झाले तरी जेटचा नंबर बदलतो. कार्बोरेटर क्लीनर मारा आणि कॉम्प्रेसरची हवा द्या. जेट काढण्याआधी फोटो घ्या. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, दीड फेरा बाहेर काढा आणि गरम इंजिनावर तिथून पुढे जुळवा. जुन्या बुलेट आणि आरएक्सवरच्या मिकुनी पद्धतीच्या कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू आत घेतला की मिश्रण रिच होते, बाहेर काढला की लीन.

इथेनॉलने काय बदलले?

कोल्हापूर हा उसाचा जिल्हा. येथील अनेक साखर कारखाने इथेनॉल तयार करतात आणि तेच पेट्रोलमध्ये मिसळले जाते. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२२ मध्ये गाठला. आता पंपावर २० टक्के मिश्रणाचे ‘ई-२०’ मिळते. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, आयात तेलाचा खर्च वाचतो. पण १९७०-८०च्या गाड्या या इंधनासाठी बनलेल्या नाहीत.

परिणाम तीन होतात. पहिला, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने आदर्श प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. जेट तेच राहिले तर मिश्रण सात-आठ टक्के लीन होते आणि इंजिन जास्त तापते. मेन जेट एका पायरीने मोठा करणे हा त्यावरचा उपाय. पण आधी प्लग पाहून खात्री करा. दुसरा, जुने रबर फुगते, नळ्या मऊ पडतात, टाकीतला जुना गंज आणि चिकट थर सुटून जेटमध्ये येतो. काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅसकेट बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. असे भाग बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटॉनचे घ्यावेत.

तिसरा परिणाम कोल्हापूरच्या पावसाळ्यात अधिक जाणवतो. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाला बसतात. वाटीत पांढरी भुकटी दिसते, ती याच ओलाव्याने धातू गंजल्याची खूण.

टू-स्ट्रोकला धोका जास्त का?

यझदी, राजदूतमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा झाला, की ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहते आणि इंजिनात आधी तळाचा, ऑइल नसलेला थर जातो. लीन मिश्रणाची उष्णता आणि ऑइलचा अभाव एकत्र आले की पिस्टन जाम होऊ शकतो. चालत्या गाडीचे मागचे चाक अचानक अडकणे म्हणजे जिवाशी गाठ. म्हणून महिनोन् महिने टाकीत पडून राहिलेले पेट्रोल काढून टाका, ताजे भरा, मगच किक मारा.

गगनबावडा किंवा आंबोलीचा घाट उतरतानाही मूठ पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये सलग घरंगळत नेऊ नका. पेट्रोल थांबले की ऑइलही थांबते. अधूनमधून थोडी रेस द्या. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. कोकणात हवा दाट असल्याने मिश्रण आणखी किंचित लीन होते. इथे काठावर जुळवलेली गाडी तिथे तापते ती यामुळेच.

जुना कार्बोरेटर फेकावा का?

शक्यतो नाही. बाजारातल्या नकली कार्बोरेटरचे जेट आणि सुया अनेकदा मापात नसतात. झिजलेली सुई, जेट, फ्लोट पिन बदलली तर मूळ कार्बोरेटर बहुतेक वेळा पुन्हा चालतो. वाकलेली पट्टी, ढिली स्लाइड अशी कामे शिवाजी उद्यमनगरसारख्या भागात लेथवर होऊ शकतात.

याला आणखी एक बाजू आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते. शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरण ५ हजार रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९७५ च्या आधीच्या गाडीचे मूळ भाग भंगारात घालण्याआधी हे ध्यानात ठेवावे.

गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर?

कॉक बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा. लोखंडी टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, आत गंज चढतो. पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी करून कोरडी करा. नळीत पारदर्शक फिल्टर बसवा. पंधरा दिवसांतून एकदा ताज्या पेट्रोलवर गाडी फिरवून आणली, तर दसऱ्याला किक मारताना घाम गाळावा लागणार नाही.