हेंडनला ईमेल करण्याआधी

लंडनमधल्या हेंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये विमानं बघायला कुणीही जाऊ शकतं. जुने कागद बघायचे तर आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. ईमेलमध्ये ‘स्पिटफायरबद्दल माहिती हवी’ एवढ्यावर भागत नाही. विमानाचा सिरियल नंबर द्या. त्यावरून फॉर्म ७८, म्हणजे त्या एका विमानाचं हालचाल कार्ड शोधता येतं: कुठल्या युनिटला कधी गेलं, दुरुस्तीला कधी आलं, मोडीत कधी निघालं. नोंदी त्रोटक, सगळा संक्षेपांचा कारभार. पण ते एकदा उलगडले की वाचायची चटक लागते! अपघाताचं कार्ड वेगळं, फॉर्म ११८०.

वैमानिक शोधताय? पहिल्या महायुद्धातल्या रॉयल फ्लाइंग कोअरच्या अधिकाऱ्यांचे कॅज्युअल्टी फॉर्म म्युझियमने ऑनलाइन ठेवलेत. १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मरण आलेल्या मुंबईच्या वैमानिक वेलिणकरांसारख्यांचा माग काढायचा तर आधी तिथे डोकवा. दुसऱ्या महायुद्धातल्या स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या मात्र हेंडनकडे मागू नका. त्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत, एआयआर २७ या मालिकेत. आणि हो, जुने कागद बघायला जाताना पेन बॅगेतच राहू द्या, पेन्सिल न्या.