नवं गाणं सापडतं कसं?

परवा माझा भाचा मला म्हणाला, "मामा, तुमच्या वयाची माणसं जुनी गाणी लावून डोळे मिटून बसतात. तुम्ही ही रोज नवी नवी पोरं कुठून शोधून काढता?" त्याच्या प्रश्नात कौतुक किती आणि काळजी किती हे मला नीट कळलं नाही. पण खोड आहे खरी. साठी उलटली तरी शुक्रवार उजाडला की या आठवड्यात कोणाचं काय नवं आलंय ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. सकाळी लवकर मंडईत जाऊन पाट्या खालवर करणारा माणूस असतो ना, तसा. त्यातही माझी ओढ दोन प्रकारांकडे. एक, ज्याला इंडी म्हणतात ते, आणि दुसरं, यंत्रांवर घडवलेलं इलेक्ट्रॉनिक पॉप.

ही खोड लागली ती रेडिओमुळे. कॉलेजात असताना सांगलीला आमच्या घरी जुना मर्फी होता. रात्री सगळे झोपले की मी शॉर्टवेव्हवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस शोधायचो. आवाज जवळ यायचा, लांब जायचा, मध्येच दुसऱ्याच कुठल्या भाषेतल्या बातम्या घुसायच्या. तिथे जॉन पील नावाचा एक निवेदक भेटला. त्याच्या आवाजात निवेदकाचा कसलाही थाट नव्हता. शेजारचा माणूस कट्ट्यावर बसून बोलतोय असं वाटायचं. कधी कधी तर रेकॉर्ड चुकीच्या वेगावर लागायची आणि तो तसं सांगून मोकळा व्हायचा. तो लावी ती गाणी दुसरीकडे कुठेच ऐकू येत नसत. मी वहीत नावं उतरवून घ्यायचो, ऐकू येतील तशी, देवनागरीत. 'जॉय डिव्हिजन' हे नाव माझ्या वहीत कितीतरी वर्षं 'जॉर्ज विजन' असं होतं! पुढे कळलं की हा माणूस १९६७ पासून बीबीसीच्या रेडिओ वनवर होता, २००४ साली जाईपर्यंत होता, आणि त्याच्याकडे टपालानं येणाऱ्या टेपांचे ढीग तो स्वतः ऐकायचा. कोणी सांगितलं म्हणून नाही, ऐकायला आवडायचं म्हणून.

आता 'इंडी' म्हणजे काय ते सांगायला हवं. इंडियाशी त्याचा काही संबंध नाही. इंडिपेंडंट या शब्दाचं हे घरगुती नाव. आज ते गाण्याच्या एका शैलीचं नाव झालंय, पण मुळात तो व्यवहाराचा शब्द होता. रेकॉर्ड कोणी छापली आणि दुकानात कोणी पोचवली, एवढाच त्याचा अर्थ. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये रेकॉर्ड काढायची तर मोठ्या कंपन्यांची पायरी चढावी लागे. मँचेस्टरच्या बझकॉक्स या चार पोरांनी तो उंबरा ओलांडलाच नाही. घरच्यांकडून आणि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, 'न्यू हॉर्मोन्स' असं आपल्याच कंपनीचं नाव ठेवलं, आणि जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड काढली. पहिल्या खेपेला हजार प्रती. वेष्टनावर त्यांनी कुठलं गाणं कितव्या प्रयत्नात ध्वनिमुद्रित झालं तेही छापलं. यात जादू काही नाही, तुम्हीही करू शकता, असं सांगण्याचाच तो प्रकार होता.

ही गिटारवाल्यांची गोष्ट झाली. मला जास्त भावते ती डॅनियल मिलरची. हा लंडनचा तरुण, चित्रपट संकलनाच्या कामातला. वाद्यं वाजवण्यात त्याचा हात फारसा चालत नसे. पण त्याचं म्हणणं असं की गिटारवर तीन सूर बसवायलाही काही महिने लागतात, सिंथेसायझरवर मात्र एका बोटानं काम भागतं. त्यानं एक जुना कोर्ग सिंथेसायझर आणि चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर विकत घेतला आणि घरातच दोन गाणी केली. १९७८ साल. बँडचं नाव ठेवलं 'द नॉर्मल'. बँडमध्ये माणूस एकच, तो स्वतः! नमुन्याच्या रेकॉर्डी काखोटीला मारून तो 'रफ ट्रेड' नावाच्या दुकानात गेला. हे पश्चिम लंडनमधलं लहानसं दुकान जेफ ट्रॅव्हिस यानं १९७६ मध्ये काढलं होतं. दुकानातल्या लोकांनी रेकॉर्ड तिथल्या तिथे लावली, ऐकली आणि म्हणाले, दोन हजार छाप, पोचवायचं आम्ही बघतो.

ती दोन हजारही संपली आणि आणखी छापावी लागली. पण गोष्टीतली खरी गंमत वेष्टनाच्या मागच्या बाजूला आहे. मिलरनं तिथे घरचा पत्ता छापला होता. मग त्या पत्त्यावर टेपा येऊ लागल्या. आपल्यासारखंच कोणीतरी घरात बसून यंत्रांशी झटतंय हे कळल्यावर देशभरातली एकांडी पोरं त्याला टेपा धाडू लागली. एका गाण्यासाठी ठेवलेलं 'म्यूट' हे नाव अशा रीतीनं खरीखुरी कंपनी झालं. १९८० साली पूर्व लंडनमधल्या एका पबमध्ये त्यानं चार कोवळी मुलं पाहिली, तीन सिंथेसायझर घेऊन उभी. हीच मुलं आधी एकदा रफ ट्रेडमध्ये टेप घेऊन आली होती, पण त्या दिवशी मिलरचं डोकं फिरलेलं होतं आणि त्यानं त्यांना वाटेला लावलं होतं. या वेळी मात्र तो ऐकत राहिला. त्या मुलांचं नाव डेपेश मोड. कागदावर करार झाला नाही, हातात हात दिला, फायदा निम्मा-निम्मा. १९८१ मध्ये त्यांचं 'जस्ट कान्ट गेट इनफ' ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं, आणि तो तोंडी करार पुढे कितीतरी वर्षं चालला.

नवं गाणं शोधायची माझी जी काही रीत आहे, ती याच गोष्टीतून आली. मी गायकापेक्षा लेबलाचं नाव आधी बघतो. तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? पण आपल्याकडे पुस्तकांच्या बाबतीत हे होतंच की. 'मौजे'चं पुस्तक म्हटल्यावर अनोळखी लेखकही आपण हातात घेत होतोच. कोणीतरी आधी डोळ्यांत तेल घालून वाचलंय याची खात्री असायची. तसंच हे. म्यूटचं नाव धरून गेलो तेव्हा याझू मिळाले, इरेझर मिळाले, पुढे २००० साली गोल्डफ्रॅप मिळाली. दुसरी रीत म्हणजे वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचायचा. ध्वनिमुद्रण कोणाचं, आभार कोणाचे. आभाराच्या यादीतून मला जितके बँड सापडले तितके कुठल्याही लोकप्रियतेच्या यादीतून सापडले नसतील.

थोडक्यात, गाणं आणि ऐकणारा यांच्यामध्ये एक माणूस लागतो. कधी निवेदक, कधी दुकानदार, कधी लेबलवाला. तो नसला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या मुंबईतच आहे, आणि ते सांगताना माझी मान जरा खाली जाते.

त्यासाठी एका यंत्राची ओळख करून देतो. जपानच्या रोलँड कंपनीनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-३०३ नावाची एक चपटी चंदेरी पेटी बाजारात आणली. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला मागे बेस गिटारची साथ मिळावी एवढाच तिचा उद्देश. पण तिचा आवाज बेस गिटारसारखा अजिबात नव्हता आणि तिच्यात सुरावट भरणं म्हणजे डोकेदुखी. सुमारे दहा हजार पेट्या झाल्या आणि १९८४ पर्यंत उत्पादन बंद पडलं. मग त्या जुन्या बाजारात मातीमोल भावानं विकल्या जाऊ लागल्या, आणि म्हणूनच शिकागोतल्या खिशानं हलक्या पोरांच्या हाती लागल्या. फ्यूचर नावाच्या त्रिकुटानं पेटी चालू असतानाच तिच्या कळा पिळून पाहिल्या. ओल्या बोटानं काच घासावी तसा एक किंचाळता, वळवळता आवाज निघाला. त्यातून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' हा तुकडा झाला आणि १९८७ मध्ये रेकॉर्ड निघाली. रॉन हार्डी नावाच्या डीजेनं आपल्या क्लबमध्ये तो पहिल्यांदा लावला तेव्हा लोक नाचायचे थांबले, असं सांगतात. त्यानं त्याच रात्री तो पुन्हा लावला, मग पुन्हा, आणि चौथ्या वेळी लोक बेभान झाले. अ‍ॅसिड हाऊस हा प्रकार तिथून जगभर गेला. पाहा, इथेही मधला माणूस आहेच, आणि चांगलाच हट्टी आहे.

आता मुंबई. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदातले वादक. गिटार आणि कीबोर्ड वाजवायचे, मोठमोठ्या संगीतकारांकडे काम करायचे. सिंगापूरहून त्यांनी टीबी-३०३, तिची जोडीदार टीआर-८०८ ही तालाची पेटी आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर आणला होता. त्या वेळी सिनेमात डिस्कोची लाट होती. त्यांनी विचार केला, ठेका डिस्कोचा आणि वर राग, असं का करू नये? १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही रेकॉर्ड एचएमव्हीनं काढली. ललत, भूप, तोडी, मधुवंती, यमन, कलावती, मालकंस. शिकागोच्या पाच वर्षं आधी, त्याच पेट्यांवर, चकित व्हावं इतका तसाच आवाज!

ती चालली नाही. रागवाल्यांना ती थिल्लर वाटली असणार आणि डिस्कोवाल्यांना रुक्ष. तिला ना जॉन पील मिळाला, ना रफ ट्रेडचा काउंटर.

मी १९९०च्या दशकात चोरबाजारात ही रेकॉर्ड हातात घेतली होती. तीस रुपये सांगत होता, वीसला दिली असती. मी नाव वाचलं, बरोबरच्या मित्राला दाखवलं, आम्ही दोघं खो खो हसलो आणि मी ती परत ठेवली. 'आता यमनवर कॅब्रे तेवढा राहिला,' असं काहीतरी मी बोललोही. नवं शोधण्याची एवढी ऐट मिरवणारा मी! इंग्लंडातल्या कुणी हीच रेकॉर्ड केली असती तर मी नक्की घेतली असती, हे मला आज कबूल करायला हवं.

२००२ साली एडो बाऊमन नावाच्या एका डच संग्राहकाला दिल्लीतल्या एका दुकानात ती सापडली. तो हसला नाही. त्यानं ती ऐकली, चरणजित सिंगांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलवर ती पुन्हा काढली. लोकांना इतका धक्का बसला की ही कोणीतरी आज बनवून जुनी म्हणून खपवलेली चीज आहे, असा संशयही काहींनी घेतला. मग सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन आपल्या त्याच पेट्या वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांनी अ‍ॅसिड हाऊसचा शोध लावला असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ती रेकॉर्ड ऐकली होती असं मानायला काही आधार नाही. पण साम्य का आलं ते समजण्यासारखं आहे. त्या पेटीत एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे, म्हणजे जवळजवळ मींडच. शिवाय अ‍ॅसिड हाऊसमध्ये पाश्चात्त्य गाण्यासारखे कॉर्ड बदलत नाहीत, सगळं एकाच सुराभोवती फिरतं. आपला राग षड्ज सोडून कुठे जातो? गिटारवाल्यासाठी केलेली पेटी गिटारच्या कामाला आली नाही, ती रागाच्या कामाला आली.

आता हातातल्या फोनवर यंत्रच सुचवतं की हे ऐकलंत, तर ते ऐका. मीही त्याचा फायदा घेतो. पण ते मला माझ्यासारखंच गाणं दाखवतं. जे पाहून मी हसेन ते दाखवत नाही. म्हणून मी अजून लेबलं धरून जातो. रेडिओवरचे रात्रीचे कार्यक्रम ऐकतो. आणि भाच्याच्या मित्रांना विचारतो, तुमच्यातलं कोण घरी बसून काय करतंय? मुलं आधी लाजतात, मग पाठवतात. दहातली आठ गाणी कच्ची असतात. उरलेल्या दोनांसाठी मी पुढचा शुक्रवार काढतो.

चरणजित सिंगांची ती रेकॉर्ड मी शेवटी परदेशातून मागवली. टपालखर्च धरून किंमत किती झाली ते घरात सांगितलेलं नाही. माझी थोरली बहीण शास्त्रीय संगीत शिकवते. ती आली होती तेव्हा मुद्दाम तोडी लावला. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाली, "गांधार चढा आहे. पेटीचे सूर हे, तोडीचा गांधार यांना कुठून सापडणार?" बरोबरच होतं तिचं. याच कारणानं आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती काही दशकं टिकली. मी मुकाट्यानं रेकॉर्ड उचलायला गेलो. मालकंस सुरू झाला होता. ताई तिसऱ्या मिनिटापर्यंत काही बोलली नाही, बोटं मात्र मांडीवर चालू होती. संपल्यावर म्हणाली, "हा परत लाव रे जरा."