जुन्या मालट्रकची केबिन कलविताना : परिबलाच्या दृष्टीने एक विवेचन

इंजिनाच्या डोक्यावर चालकाची केबिन बसविलेले मालट्रक आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहेत. अशा ट्रकच्या इंजिनापर्यंत पोहोचावयाचे तर संपूर्ण केबिन तिच्या पुढील टोकाच्या बिजागरीभोवती फिरवून पुढे कलवावी लागते. गॅरेजमधील मिस्त्री या क्रियेस केबिन ‘उचलणे’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. केबिन एका ठराविक कोनापर्यंत उचलावी लागते हे खरे. परंतु त्या कोनापलीकडे ती उचलावयाची नसून आवरून धरावयाची असते. हा कोन कोठे येतो, कशामुळे सरकतो, आणि जुन्या ट्रकमध्ये त्याचे भान न ठेवल्यास माणूस केबिनखाली कसा सापडतो, याचा विचार येथे करावयाचा आहे. त्यास पदवीच्या पहिल्या वर्षातील स्थितिशास्त्रापलीकडे काही लागत नाही.

ही रचना मुळात कायद्याने घडविली. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अनेक राज्यांनी वाहनाच्या एकूण लांबीवर मर्यादा घातली. लांबी ठरलेलीच असेल तर इंजिनापुढचे नाक काढून टाकून ती जागा मालास द्यावी, हे ओघानेच आले. मात्र त्यायोगे इंजिन केबिनीच्या पोटात गेले आणि मिस्त्रीला केबिनीतील झाकण उघडून वरून हात घालण्याची पाळी आली. क्लीव्हलंडच्या व्हाइट कंपनीने १९४९ साली ‘३०००’ या मालिकेत यंत्रशक्तीने कलणारी केबिन आणली. फोर्डची १९५७ सालची ‘सी’ मालिका तर कलत्या केबिनीसह १९९० पर्यंत बनत राहिली. ब्रिटनमध्ये फोडेन आणि स्वीडनमध्ये व्होल्व्हो या कंपन्यांनी १९६२ साली हीच वाट धरली. आपल्याकडे कारखान्याने इंजिनासह सांगाडा द्यावा आणि केबिन ठिकठिकाणच्या सुतार-लोहारांनी बांधावी, अशी पद्धत दीर्घकाळ चालली. त्या लाकडी केबिनी कलत नसत. कलत्या केबिनीचा प्रसार विशेषतः १९८० नंतरच्या दशकात, जपानी सहकार्याने येथे बनू लागलेल्या हलक्या ट्रकांबरोबर झाला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उदाहरणादाखल केबिनीचे वस्तुमान ५०० किलोग्रॅम धरू. तिचा गुरुत्वमध्य बिजागरीच्या ०.८ मीटर मागे आणि ०.७ मीटर वर आहे असे मानू. हे आकडे कोणत्याही विशिष्ट ट्रकचे नाहीत, हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत. केबिन खाली बसलेली असताना वजनाचे बिजागरीभोवतीचे परिबल सुमारे ३,९२० न्यूटन-मीटर भरते. बिजागरीपासून गुरुत्वमध्यापर्यंत काढलेली रेषा क्षितिजाशी सुमारे ४१ अंशांचा कोन करते. केबिन जसजशी कलते तसतशी ही रेषा उभी होत जाते आणि परिबलाची भुजा आखूड होते. ३० अंशांवर परिबल १,६८० न्यूटन-मीटर उरते, ४५ अंशांवर अवघे ३४६. सुमारे ४९ अंशांवर गुरुत्वमध्य बिजागरीच्या नेमका माथ्यावर येतो आणि परिबल शून्य होते. तेथून पुढे त्याचे चिन्ह पालटते. ६० अंशांवर ते १,००० न्यूटन-मीटरहून थोडे अधिक असते, परंतु पुढच्या दिशेने. म्हणजे केबिन आता स्वतःच पुढे कोसळू पाहते.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, पूर्ण कललेल्या केबिनीचा भार सर्वांत कमी भासतो. ४५ अंशांवर उभ्या असलेल्या केबिनीस बिजागरीपासून ०.९ मीटर अंतरावर टेकू दिला, तर त्या टेकूवर केवळ ३९ किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. एवढ्याशा भाराला लोखंडी दांडा कशाला, एखादा वासा पुरे, असे कोणालाही वाटेल, आणि पुष्कळ ठिकाणी तसे केलेही जाते. परंतु तो वासा निसटला की केबिन जसजशी खाली येते तसतसे परिबल वाढत जाते. आरंभी असलेल्या ३४६ चे शेवटी अकरा पट होते. गुरुत्वमध्य या प्रवासात सुमारे ३६ सेंटिमीटर खाली येतो आणि जवळजवळ १,७७० जूल ऊर्जा मोकळी होते. सिमेंटचे ५० किलोग्रॅमचे पोते साडेतीन मीटरहून अधिक उंचीवरून टाकावे, तितकी ही ऊर्जा होय. तेव्हा टेकूचे महत्त्व त्याच्यावर पडणाऱ्या स्थिर भारावरून जोखावयाचे नसते, त्याच्या अभावी काय घडेल यावरून जोखावयाचे असते.

दुसरी गोष्ट अशी की, तोलाचा कोन हा केबिनीचा कायमचा गुणधर्म नव्हे. जुन्या ट्रकच्या टपावर सामानाची जाळी, दोर, ताडपत्री, क्वचित वातानुकूलनाचे यंत्र बसविलेले असते. वरील केबिनीच्या टपावर, बिजागरीपासून १.८ मीटर उंचीवर, ६० किलोग्रॅमचे ओझे ठेवले तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे १२ सेंटिमीटर वर सरकतो आणि तोलाचा कोन ४९ वरून सुमारे ४४ अंशांवर येतो. ज्या ट्रकची केबिन ४५ अंशांपर्यंतच कलते, तेथे हा फरक निर्णायक ठरतो. पूर्वी शेवटपर्यंत मागे रेलणारी केबिन आता शेवटच्या टप्प्यात पुढे झुकते. टेकूवर दाब येण्याऐवजी ओढ येऊ लागते, आणि तो केवळ दाब सोसण्याच्या कल्पनेने बसविलेला असेल तर काहीच धरीत नाही. रस्त्याच्या उताराचाही परिणाम असाच होतो. ट्रकचे तोंड १२ स १ अशा उताराकडे असेल तर पावणेपाच अंश आधीच खर्ची पडलेले असतात. केबिन कलविण्यापूर्वी ट्रक सपाट जागी उभा करा, टपावरचे सामान उतरवा, ही निर्मात्यांची सूचना पुस्तकी वाटते. तिच्यामागचे गणित हे असे आहे.

केबिन कलविण्याच्या साधनांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. जड ट्रकांत हातपंपाने तेल दाबून दट्ट्या सरकविण्याची द्रवचालित व्यवस्था असते. आपल्या उदाहरणात दट्ट्याची भुजा ०.३ मीटर आणि त्याचा व्यास ४० मिलिमीटर असेल, तर आरंभी तेलात दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅमहून अधिक दाब निर्माण होतो. पंचवीस वर्षांच्या वापरानंतर रबरी नळीने हा दाब सोसावा ही अपेक्षा धाडसाचीच आहे. नळीतील गळती हाताने चाचपून कधीही पाहू नये. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून निघणारी तेलाची धार कातडीत शिरते, जखम क्षुल्लक दिसते आणि आत मांसाचा नाश होत राहतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे, आणि तेल कातडीत शिरल्याची शंका जरी आली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

परंतु गळतीपेक्षाही एक बारीक धोका आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. तोलाचा कोन ओलांडल्यावर दट्ट्या केबिनीला ढकलीत नाही. केबिनच दट्ट्यास ओढू लागते. त्या वेळी तिला आवरते ते सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूचे तेल, अरुंद छिद्रातून हळूहळू बाहेर पडणारे. तेल जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून गती संथ राहते. टाकीतील तेल कमी झाल्याने त्या बाजूस हवा शिरली असेल तर मात्र हवा दबते आणि केबिन काही अंश एकदम पुढे झेप घेते. चढताना व्यवस्था निर्दोष वाटली होती, कारण चढताना ज्या बाजूस दाब होता त्या बाजूचे तेल ठीक होते. यास्तव जुन्या ट्रकमध्ये आधी टाकीतील तेलाची पातळी पाहावी, आणि पंप मारणाऱ्याने पंपाच्या बाजूस, केबिनीच्या पुढच्या फेऱ्याबाहेर उभे राहावे.

हलक्या ट्रकांत दुसरा प्रकार आढळतो. पोलादी दांडीस पीळ देऊन ठेवलेला असतो. कारखान्यात तिला टॉर्शन बार म्हणतात. केबिन खाली असताना पीळ सर्वाधिक असतो, आणि खटका सोडल्यावर दांडी उलगडत केबिनीचे बहुतेक वजन स्वतःवर घेते. दांडीचे परिबल आणि वजनाचे परिबल ही दोन्ही कोनाबरोबर उतरत जातात, हे या योजनेतील खरे सौंदर्य. पण दांडीस शिणवटा येतो, गंजाच्या खळग्यातून तडा जातो, आणि ती मोडली तर एकट्या माणसाने हाताने उचलावयाची केबिन अचानक पूर्ण वजनाची होते. नेहमीपेक्षा केबिन जड लागली तर आणखी दोघांना हाक मारून रेटणे हा आपल्याकडील प्रघात आहे. तो घातक आहे. जड लागणे हीच दांडीने दिलेली सूचना होय. तसेच केबिन खाली असताना या दांडीचे बोल्ट सैल करण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. साठविलेला पीळ त्याच क्षणी सुटतो.

दोन्ही प्रकारांना एक नियम समान आहे. हलविणारे साधन वेगळे आणि धरून ठेवणारे साधन वेगळे. दट्ट्या वा दांडी केबिन हलविण्यासाठी आहे. ती धरून ठेवण्यासाठी कारखान्याने दिलेला लोखंडी टेकू आणि त्याची खिट्टी आहे. टेकू पूर्णपणे जागी बसून खिट्टी आरपार गेल्याखेरीज डोके, हात किंवा पाना केबिनीखाली जाता कामा नये. जुन्या ट्रकमध्ये खिट्टीचे भोक लांबट झालेले असते आणि मूळ खिट्टी हरवून तेथे स्क्रू-ड्रायव्हर खुपसलेला असतो. योग्य मापाची खिट्टी लेथवर करून घेण्यास फारसा खर्च येत नाही. ती होईपर्यंत काम थांबविणे हेच शहाणपणाचे. केबिन अर्धवट कोनात थांबवून ‘एक मिनिटाचे’ काम उरकण्याचा मोह तर सर्वथा टाळावा, कारण त्या स्थितीत टेकू कोठेच बसत नाही.

प्रत्यक्ष क्रमाविषयी थोडक्यात. इंजिन बंद, गियर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी, पुढे व वर मोकळी जागा, विशेषतः शेडचे छप्पर आणि विजेच्या तारा यांपासून, दरवाजे बंद, केबिनीत कोणीही नाही. बिछान्याखालची हत्यारे, पाण्याचे कॅन, देव्हाऱ्यातील तांब्यादेखील काढून ठेवावा. ४५ अंशांवर हे सारे पुढच्या काचेवर येते. काही ट्रकांत समोरची जाळी आधी वर करावी लागते, ते विसरल्यास ती चेपते. गियरची जोडणी व स्टीअरिंगचा सरकता दांडा यांना कलण्याची सोय कारखान्यानेच केलेली असते. स्थानिक विद्युत्-मिस्त्रीने नंतर ओढलेल्या कर्ण्याच्या, दिव्यांच्या आणि ध्वनियंत्राच्या तारांना मात्र ती नसते. त्या ताणल्या जातात, वेष्टन सोलते, आणि केबिन खाली आल्यावर कोठेतरी सांगाड्यास टेकतात. जुन्या ट्रकची केबिन प्रथमच कलविताना एका माणसाने केवळ या तारांवर नजर ठेवावी, आणि तीही बाजूने, खालून नव्हे.

केबिन खाली आणताना लक्ष सैल पडते, कारण काम संपलेले असते. टेकूची खिट्टी काढण्यापूर्वी तिच्यावरचा भार पंपाने किंवा हाताने किंचित हलका करावा. अडकलेली खिट्टी हातोडीने ठोकून काढणे म्हणजे भार कोणत्या दिशेने आहे हे न पाहताच तो मोकळा करणे होय.

उरला मागचा खटका. खाली बसलेली केबिन स्वतःच्या वजनानेच राहील, खटका नावापुरता, असा समज आढळतो. पीळदांडी नसती तर तो बरोबर ठरला असता : आपल्या उदाहरणातील केबिन ब्रेकच्या धक्क्याने पुढे उलटण्यास गुरुत्वत्वरणाच्या १.१४ पट मंदन लागेल, आणि तितके कोणत्याही मालट्रकच्या ब्रेकला साधत नाही. परंतु दांडीने वजनाच्या परिबलाचा ८० टक्के भाग उचलला असेल तर उरलेल्या २० टक्क्यांवर मात करण्यास गुरुत्वत्वरणाच्या ०.२३ पट मंदन पुरते. एखादे जनावर आडवे आले असता चालक याच्या दुपटीने ब्रेक दाबतो. केबिनीत बसलेल्यांचे वजन थोडे साहाय्य करते, पण भरवसा ठेवावा इतके नव्हे. जी दांडी मिस्त्रीचे श्रम वाचविते, तीच खटक्यावर चालकाचा जीव टांगते. म्हणून केबिन खाली आल्यावर मुख्य खटका आणि त्याच्या जोडीचा सुरक्षा-आकडा हे दोन्ही बसल्याचे डोळ्यांनी पाहावे, केबिनीची मागची कड दोन्ही हातांनी वर ओढून पाहावी, आणि आकडा झिजलेला असल्यास तो बदलल्याशिवाय ट्रक रस्त्यावर नेऊ नये.