स्वच्छतागृह आहे, पण पाणी?



हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी व औंढा नागनाथ तालुक्यांत आंध आदिवासी समाजाची अनेक गावे आहेत. तेथील शाळांना मदत करायची म्हटले की आपल्या मनात प्रथम स्वच्छतागृह बांधून देण्याचा विचार येतो. तो चांगलाच आहे. पण बांधकाम झाले म्हणजे काम संपत नाही, हे आज समजून घेऊ या.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी आवश्यक ठरवले. २०१४ मध्ये ‘स्वच्छ भारत, स्वच्छ विद्यालय’ मोहीम सुरू झाली आणि देशभर शाळांत बांधकामे झाली. मात्र स्वच्छतागृह पाण्यावर चालते. पाणी संपले की दोन दिवसांत दुर्गंधी सुटते आणि मग दाराला कुलूप लागते. त्याची सर्वांत मोठी झळ मोठ्या मुलींना बसते. त्या दिवसभर पाणी पिणे टाळतात. मासिक पाळीच्या दिवसांत घरीच राहतात. दर महिन्याला तीन-चार दिवस बुडाले की अभ्यास मागे पडतो आणि हळूहळू शाळाच सुटते.

पाणी का संपते? मराठवाड्याचा हा भाग काळ्या कातळाचा आहे. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांतच साठते. हा साठा थोडा असतो. पावसाळ्यानंतर चांगला चालणारा हातपंप उन्हाळ्यात, शाळा अजून भरत असतानाच, कोरडा पडू शकतो.

यावर उपाय आहेत. शंभर चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर लिटर पाणी मिळते. ते पन्हाळीने टाकीत साठवता येते आणि उरलेले गाळून जमिनीत मुरवता येते. हात धुतलेले सांडपाणी शोषखड्ड्यात सोडावे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने असे खड्डे घरोघरी करून डास हटवून दाखवले. शौचालयाचा खड्डा मात्र हातपंपापासून दूर हवा, कारण कातळाच्या भेगांतून घाण पाण्यापर्यंत पोहोचते.

नळ नसला तरी हात धुता येतात. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. दांडीला पाण्याचा डबा टांगायचा, त्याला दोरीने काठी बांधायची आणि पायाने काठी दाबायची. डबा कलतो, बारीक धार पडते, आणि डब्याला हातही लावावा लागत नाही. शेजारी साबण टांगला की झाले. शालेय पोषण आहारापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुतल्यास जुलाब व जंत यांचा धोका कमी होतो.

म्हणून यापुढे एखाद्या शाळेसाठी देणगी देताना तीन प्रश्न अवश्य विचारा. एप्रिलमध्ये पाणी कोठून येणार? रोज सफाई कोण करणार आणि त्याचा मोबदला कोण देणार? वर्षभराच्या साबणाची व सॅनिटरी पॅडची तरतूद आहे का? भिंतीवर देणगीदाराचे नाव लिहिता येते, साबणाच्या वडीवर येत नाही. तरीही त्या वडीसाठी कोणीतरी द्यायला हवे. ती आणि पाण्याने भरलेली टाकी असेल, तरच दाराचे कुलूप निघेल आणि मुलगी वर्गात राहील.